दुःख ओतायचे की हात गुंतवायचे

मन थाऱ्यावर नाही, झोप लागत नाही, कशातच जीव रमत नाही, असे कोणी सांगितले की त्याला आजकाल दोन सल्ले हमखास मिळतात. घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, कशात तरी हात गुंतव. मोबाइलवरचे व्हिडिओ म्हणतात, आत साचलेले सगळे रंगांतून कागदावर ओतून टाक, मोकळे वाटेल. यांतला पहिला सल्ला आपण जुनाट आणि वरवरचा मानतो, दुसरा मात्र आपल्याला शास्त्रीय आणि खोल वाटतो. गोव्यातल्या डिचोलीत एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही काही माणसे दर शनिवारी संध्याकाळी कागद, रंग आणि माती घेऊन बसतो; तिथे जे पाहिले आणि त्या निमित्ताने जे वाचले, त्यावरून ही प्रतवारी आपण उलटी लावली आहे, असे माझे मत झाले आहे.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आमच्या खोलीत जे चालते त्याला मी ‘आर्ट थेरपी’ म्हणत नाही आणि दुसऱ्या कोणी म्हटले तर दुरुस्त करते, कारण ते एका प्रशिक्षित व्यवसायाचे नाव आहे. ब्रिटनमध्ये ‘आर्ट थेरपिस्ट’ ही उपाधी कायद्याने संरक्षित असून नोंदणी नसलेल्या माणसाला ती लावता येत नाही. आमच्याकडे बार्देशच्या किनारपट्टीवरून एक फेरी मारली तरी योग, ध्यान, ढोलवादन आणि ‘हीलिंग थ्रू आर्ट’ यांच्या पाट्या एकाच कुंपणावर शेजारी शेजारी दिसतात. त्यांतल्या एका दुपारच्या कार्यशाळेचे शुल्क ऐकून आमच्या गटातल्या एक बाई म्हणाल्या, ‘एवढ्यात माझ्या मुलीची वर्षाची पुस्तके येतील, वर दप्तरही.’ पाटीमागे बसलेल्या माणसाचे प्रशिक्षण काय आणि कुठे झाले, हे विचारण्याचा संकोच आपण सोडला पाहिजे.

या उपचाराचा उगम पाहिला तर तो एका साध्या निरीक्षणात सापडतो. एड्रियन हिल हे इंग्लंडमधले चित्रकार 1938 मध्ये क्षयरोगामुळे मिडहर्स्ट येथील आरोग्यधामात दाखल झाले होते. क्षयावर तेव्हा गुणकारी औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध 1943 मध्ये लागला. रुग्णाने महिनोन्महिने पडून राहावे, चांगली हवा घ्यावी आणि वाट पाहावी, एवढेच त्याच्या हाती असे. हिल यांनी पलंगावर बसल्या बसल्या आसपासच्या वस्तू रेखाटायला सुरुवात केली आणि या कामाने स्वतःचे दिवस सुसह्य झाल्याचे जाणवल्यावर इतर रुग्णांच्या हातीही पेन्सिल दिली. पुढे युद्धात जखमी झालेले सैनिक आले आणि त्यांच्यापैकी काहींनी आपल्या भीतीची, पाहिलेल्या संहाराची चित्रेही काढली. 1942 मध्ये हिल यांनी ‘आर्ट थेरपी’ हा शब्दप्रयोग केला आणि 1945 मध्ये या विषयावरचे पुस्तक लिहिले. या हकिकतीत मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. त्यांनी आपल्या आजाराचे चित्र काढून सुरुवात केली नव्हती. समोर जे होते ते काढले होते.

दुसरी हकिकत ब्राझीलची आहे आणि ती मला पोर्तुगीज जाणणाऱ्या एका वृद्ध शेजाऱ्यांमुळे कळली. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नीझे दा सिल्वेरा राजकीय कारणांवरून काही काळ तुरुंगात होत्या. 1944 मध्ये त्या रिओ द जानेरोच्या मनोरुग्णालयात कामावर परतल्या, तेव्हा विजेचे झटके, इन्सुलिनने आणलेली बेशुद्धी आणि मेंदूवरची शस्त्रक्रिया हे त्या काळचे पुढारलेले उपचार समजले जात होते. ते देण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांची रवानगी व्यवसायोपचार विभागात झाली, ज्या विभागाला कोणी मोजत नव्हते आणि जिथे व्यवसाय म्हणजे मुख्यतः रुग्णांकडून झाडलोट करून घेणे असा अर्थ होता. तिथे 1946 मध्ये त्यांनी चित्रकलेची आणि मातीकामाची खोली सुरू केली. वर्षानुवर्षे न बोललेली माणसे तिथे रंगवू लागली, आणि 1952 मध्ये त्या चित्रांचे एक संग्रहालयच उभे राहिले, जे आजही आहे. रुग्णांनी काढलेल्या वर्तुळाकार आकृत्यांची छायाचित्रे त्यांनी 1954 मध्ये स्वित्झर्लंडमधले मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांना पाठवली आणि 1957 मध्ये झ्युरिकच्या मानसोपचार परिषदेत त्या चित्रांचे प्रदर्शन भरले. पण स्वतः डॉ. नीझे यांचा भर निव्वळ आकृत्यांवर नव्हता. ढवळाढवळ न करता शेजारी बसणारे, माया असणारे कोणीतरी हवे, तरच ही प्रक्रिया सुरू होते, असे त्या म्हणत. आणि हे ‘कोणीतरी’ माणूसच असले पाहिजे असा त्यांचा आग्रह नव्हता, कारण त्यांनी रुग्णालयात कुत्री-मांजरेही ठेवली होती.

शेजारी बसणे म्हणजे काय, हे मी शिकले ते मामांच्या चित्रशाळेत. माझी आई गेली त्या वर्षी आषाढ लागल्यावर मामांनी मला बोलावून घेतले. गोव्यात गणपतीच्या मूर्ती अजूनही बऱ्याच घरांत परंपरेने ठरलेल्या चित्रशाळेतच होतात. घरचा पाट आधी तिथे नेऊन ठेवायचा आणि चवथीला त्याच पाटावर बसलेला गणपती घरी आणायचा. मामांच्या पडवीत असे पाट भिंतीला टेकवून ओळीने उभे होते आणि प्रत्येकाच्या मागे खडूने घराचे नाव होते. मामांनी ‘कशी आहेस’ असे विचारले नाही. ते म्हणाले, ‘बाय, उंदीर तू कर.’

उंदीर हे चित्रशाळेत शिकाऊ पोरांना देण्याचे काम. शेतातली चिकणमाती भिजवून, खडे काढून, कापूस घालून कुटलेली असते, म्हणजे सुकताना ती कमी तडकते. अंगठ्याएवढा गोळा तळहातावर वळायचा, एका टोकाला चिमटीने दाबून नाकाड काढायचे, दोन चपट्या गोळ्यांचे कान पाण्याच्या बोटाने चिकटवायचे. इथपर्यंत सोपे असते. खरी परीक्षा शेपटीची. माती जरा कोरडी असली तर शेपूट वळताना तुटते, जरा ओली असली तर वळते पण उभी राहत नाही, लोंबते. आणि बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत असताना माती कधी कोरडी आणि कधी ओली हे बोटांखेरीज दुसऱ्या कोणाला कळत नाही. त्या शेपटीशी झगडताना दुपार निघून जाई. आईचा विचार येत नसे असे नाही, पण तो आला तरी बोटे थांबत नसत, आणि बोटे चालू असताना आलेला विचार रात्री छातीवर येऊन बसणाऱ्या त्याच विचाराइतका जड नसे. मामाही बहीण गेल्याच्या दुःखातच होते. ते माझ्याकडे पाठ करून एका मोठ्या मूर्तीच्या मानेपाशी गेलेला तडा पातळ मातीने भरत असत. दोघांनी मिळून आईबद्दल बोललो ते फारच थोडे. पण रात्रीची झोप मला हळूहळू त्याच महिन्यात परत मिळाली.

एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे. म्हणून पुढचे वाचन. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 39 प्रौढांना 45 मिनिटे माती, स्केचपेन आणि कागदाचे तुकडे देऊन हवे ते करायला सांगितले आणि आधी व नंतर लाळेतील कॉर्टिसॉल मोजले, जे शरीरावरच्या ताणाचे एक मोजमाप मानले जाते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे 75 टक्के लोकांचे कॉर्टिसॉल कमी झालेले दिसले, आणि ज्यांना चित्रकलेचा सराव होता त्यांना तो नसलेल्यांपेक्षा जास्त लाभ झाला असे आढळले नाही. अभ्यास छोटा होता, आणि काहीच न करता तेवढाच वेळ शांत बसलेला दुसरा गट तुलनेला नव्हता, त्यामुळे श्रेय चित्राचे किती आणि निवांत पाऊण तासाचे किती, हे त्यातून ठरत नाही. तरीही ‘मला चित्र येत नाही’ हे आमच्या खोलीत येणाऱ्या जवळपास प्रत्येकाचे पहिले वाक्य असते, आणि त्याला उत्तर म्हणून हा निष्कर्ष फार उपयोगी पडतो.

पण माझे मत बदलले ते दुसऱ्याच संशोधनाने. जेनिफर ड्रेक आणि एलेन विनर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना आधी उदास करणारे काही आठवायला लावले किंवा दाखवले, आणि मग एका गटाला त्या दुःखाचेच चित्र काढायला, तर दुसऱ्या गटाला त्याच्याशी संबंध नसलेले काहीतरी काढायला सांगितले. ज्यांनी दुःख कागदावर उतरवले त्यांच्यापेक्षा ज्यांनी भलतेच काही काढले त्यांचे मन अधिक सावरले. लहान मुलांवर केलेल्या प्रयोगातही वाईट आठवणीचे चित्र काढणाऱ्यांपेक्षा साधे घर काढणारी मुले अधिक खुलली. म्हणजे घरातली म्हातारी माणसे ‘कशात तरी हात गुंतव’ म्हणतात, ते निदान त्या घटकेपुरते तरी बरोबर आहे, आणि ‘सगळे ओतून टाक’ म्हणणारे व्हिडिओ घाई करत आहेत.

ओतण्यात काहीच तथ्य नाही असे मात्र म्हणता येणार नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहिले. लिहून झाल्यावर लगेच त्यांना बरे वाटले नाही, उलट मन अधिक खिन्न झाले. परंतु पुढच्या सहा महिन्यांत आरोग्यकेंद्रात जाण्याचे त्यांचे प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिले. तेव्हा दुःखाला थेट भिडण्याचा लाभ असला तर तो उशिरा मिळतो आणि त्याआधी एक खिन्न संध्याकाळ पदरी येते. ती संध्याकाळ निभावून नेण्याची ताकद ज्याच्यात आहे, किंवा ज्याच्या सोबतीला जाणकार माणूस आहे, त्याने जरूर भिडावे. ज्याला आठवडाभर झोप नाही आणि जो घरात एकटा आहे, त्याला कोरा कागद देऊन ‘तुझ्या वेदनेचे चित्र काढ’ म्हणणे मला निर्दयपणाचे वाटते.

या सगळ्याचा एक गोमंतकीय पुरावाही आहे, जरी तो चित्रकलेचा नसला तरी. 1996 पासून गोव्यात मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या संगत या संस्थेने इथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी एक साधी पद्धत तपासली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण व्यवस्थित प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत रुग्णाला एवढेच करायला शिकवायचे, की मन लागो न लागो, एकेकाळी बरे वाटायचे ती छोटी छोटी कामे ठरवून पुन्हा सुरू करायची. ‘बरे वाटले की करीन’ ही वाट पाहणेच नैराश्याला पोसते, म्हणून आधी कृती आणि मागून मन, असा हा उलटा क्रम. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 2017 साली आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते; ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्यांच्यात हे प्रमाण 39 टक्के होते. मामांचे ‘उंदीर तू कर’ हे वाक्य मला या अहवालाच्या कुठल्याही पानावर शोभले असते असे वाटते.

आमच्या खोलीत म्हणूनच कोणाला कोरा कागद देऊन सोडत नाहीत. टेबलावर काहीतरी ठेवलेले असते: बिमलीची डहाळी, आबोलीचा वळेसर, तुटका चिरा, कधी कोणाच्या तरी डब्यातली उरलेली सान्ना. जे दिसते ते काढायचे. पहिले काही आठवडे बहुतेक जण वस्तूकडे पाहतच नाहीत, मनातल्या मनात ठरवून ठेवलेली आबोली काढतात. आणि मग कधीतरी पाकळीची कड खरोखर कशी दुमडली आहे ते दिसू लागते, तेव्हा माणूस गप्प होतो. आमच्या समुपदेशक मैत्रिणीने घालून दिलेला एक नियम सुरुवातीला मला विचित्र वाटला होता: कोणीही कोणाच्या चित्राला ‘छान’ म्हणायचे नाही. कौतुक झाले की पुढच्या चित्राला परीक्षेचा वास येतो आणि बोटे आखडतात, असे तिचे म्हणणे. शिक्षकी पेशात राहून तोंडाला आलेले ‘शाब्बास’ गिळणे किती अवघड असते, हे ज्याचे त्यालाच कळेल.

अर्थ न लावणे हा त्याहून कठीण नियम आहे. चित्र पाहिले की माणसाचे मन वाचता येते, असा एक समज समाजमाध्यमांनी घट्ट केला आहे. झाडाला फांद्या नसल्या तर एकटेपणा, दरवाजा लहान असला तर भीती, काळा रंग म्हणजे नैराश्य. आमच्या शाळेत एका मुलाने सबंध आकाश काळेकुट्ट रंगवले, तेव्हा शिक्षकखोलीत त्याच्या घरच्या परिस्थितीविषयी चिंतेची कुजबुज सुरू झाली. शेवटी कोणीतरी त्यालाच विचारले. तो म्हणाला, ‘मॅडम, जून महिना आहे ना.’ प्रशिक्षित कलोपचारतज्ज्ञसुद्धा एका चित्रावरून निदान करत नाहीत. चित्र काढणाऱ्याने त्याबद्दल काय सांगितले, कोणत्या क्रमाने काढले, काय खोडले, आणि पुढच्या खेपेला काय बदलले, हे ते पाहतात. खोडण्याचा विषय निघाला म्हणून आठवले, रवींद्रनाथ ठाकूर यांच्या चित्रकलेची वाट उतारवयात कवितांच्या हस्तलिखितांतली खाडाखोड जोडून आकार बनवता बनवता खुली झाली, आणि तिथून पुढे त्यांनी दोन हजारांहून अधिक चित्रे केली. तिथे कोणी येऊन ‘या पक्ष्याचा अर्थ काय’ असे रोज विचारत बसले असते तर काय झाले असते, कोण जाणे.

पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे, हात पुढे केलेला आणि समोर निपचित स्त्री. पर्यटक त्याला जादूगार समजून फोटो काढतात. 1756 मध्ये कांदोळीत जन्मलेल्या आणि पुढे पॅरिसला जाऊन संमोहनाचे वर्ग घेणाऱ्या या धर्मगुरूचे म्हणणे नेमके उलट होते. त्या काळी मेस्मर या वैद्याचे अनुयायी सांगत, की संमोहन करणाऱ्याच्या देहातून कसलासा अदृश्य प्रवाह रुग्णात जातो. फारिया यांनी सांगितले, की प्रवाह वगैरे काही नसून जे घडते ते समोरच्या माणसाच्याच मनात घडते. रंगांचे ‘कंपन’, मंडलांची ‘ऊर्जा’ असले शब्द जाहिरातीत दिसले की मला आमच्या या कांदोळकराची आठवण येते. त्याने दोनशे वर्षांपूर्वी निकालात काढलेली गोष्ट आपण नव्या वेष्टनात परत विकत घेत आहोत.

एकट्याने खोलीत बसून चित्र काढणे हीच कलेची एकमेव उपचारक रीत आहे, असे पुस्तके वाचून वाटू लागते, ते आमच्याकडच्या अनुभवाशी जुळत नाही. पौषात वाड्याच्या ठरलेल्या अंगणात, म्हणजे मांडावर, धालो हा बायकांचा गाण्या-नाचाचा उत्सव असतो तेव्हा बायका दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहून रात्रीमागून रात्री गातात, आणि एरवी ज्या गोष्टी घरात उच्चारायची सोय नाही त्या गाण्यात आणि शेवटच्या रात्रीच्या सोंगांत उघड बोलल्या जातात. माझ्या सासूबाई सांगतात, की धालोच्या दिवसांत त्यांच्या डोकेदुखीची पुडी ट्रंकेतच राही. दिवाळीच्या आधी वाड्यावाड्यावर पोरे नरकासुर करतात. काठ्यांचा सांगाडा, गवत, कागद, वर भयानक मुखवटा, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याची होळी. आठवडाभर राबून केलेली वस्तू स्वतःच्या हाताने जाळून टाकणे, ही राग जिरवण्याची मला माहीत असलेली एक उत्तम रीत होती. ‘होती’ म्हणते, कारण रोख बक्षिसांच्या स्पर्धा, विकत आणलेले मुखवटे आणि रात्रभर छातीत धडधडणारा डीजे यांनी तिच्यातले करणे काढून टाकले आहे आणि गोंगाट तेवढा ठेवला आहे.

आता मर्यादांविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कलेचा आरोग्याला उपयोग होतो असे म्हटले, ते खरे; पण ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या 417 रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2012 मध्ये आले तेव्हा नेहमीच्या उपचारांना जोडून दिलेल्या गटातल्या कलोपचाराने त्यांच्या लक्षणांत किंवा दैनंदिन वागण्यात काही फरक पडलेला दिसला नाही. बरेच रुग्ण त्या बैठकांना फारसे फिरकलेच नव्हते, हेही त्यात नोंदलेले आहे. म्हणजे आजार कोणता, किती तीव्र, आणि माणसाला मुळात या कामाची ओढ आहे का, यावर सारे अवलंबून. मरणाचे विचार येत असतील, भास होत असतील, आठवडेच्या आठवडे अन्न आणि झोप गेली असेल, तर रंगपेटी बाजूला ठेवून बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जायला हवे. तेवढेही पाऊल उचलवत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्री-अपरात्रीही मोफत लागतो.

आमच्या गटात एक गृहस्थ आहेत. आमच्या तालुक्यात खाणींवर ट्रक लावणाऱ्यांची घरे पुष्कळ. 2012 मध्ये खाणी थांबल्या, मग काही काळ सुरू झाल्या आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या. त्यात यांचा ट्रक गेला, कर्ज राहिले आणि मागून नैराश्य आले. ते खोलीत येतात ते फूटपट्टी घेऊन, आणि विकलेल्या ट्रकचे भाग काढतात, आठवणीतून, मापात: चाकाचे नट, पाटे, रेडिएटरची जाळी. पहिल्यांदा मला वाटले की हे जखम कुरवाळणे झाले. पण त्या रेषांत कुठे हळहळ दिसत नाही. नट सहा की आठ, यावर ते स्वतःशीच वाद घालतात आणि घरी जाऊन जुन्या सहकाऱ्याला फोन करून खात्री करून घेतात, ज्या निमित्ताने त्यांची त्या सहकाऱ्याशी तुटलेली बोलाचाली पुन्हा सुरू झाली. गेल्या पावसाळ्यात, आता चित्रानेच बरे वाटते म्हणून, त्यांनी गोळ्या परस्पर बंद केल्या. काही आठवडे उत्साहात गेले, मग झोप उडाली, मग ते शनिवारी दिसेनासे झाले. आमची मैत्रीण त्यांच्या घरी गेली, चित्राविषयी एक अक्षर न बोलता त्यांच्या पत्नीला आणि त्यांना घेऊन डॉक्टरांकडे बसली, आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पुढे कमी करायच्या तर डॉक्टरच करतील असे ठरले. सध्या ते गिअरबॉक्सच्या आतले दाते काढत आहेत आणि त्यासाठी आम्हा सर्वांकडे मोठ्या आकाराच्या कागदाची मागणी करत आहेत, जो डिचोलीच्या बाजारात मिळत नाही, म्हापशाहून आणावा लागतो.